तुमचे प्रश्न : जलसंजीवनीची पुडी, भाताची पेज आणि पेशीची दारं

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. जुलाब, उलट्या, ओआरएस, सलाईन याबद्दलच विचारणा जास्त असते. परिचर्या महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे हे प्रश्न माझ्या रोजच्या कामातलेच आहेत. यंदा निवडलेली पत्रं वरवर वेगळी दिसतात, पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : पेशीच्या पटलातून काय आत जातं, काय जात नाही, आणि का.

प्रश्न : मी किनवट तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. जुलाब लागलेल्या मुलांसाठी आम्ही ओआरएसच्या पुड्या देतो. बऱ्याच आया अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवतात. म्हणतात, दाट केलं की लवकर गुण येतो. सासवा म्हणतात, साखरेनं जुलाब वाढतात, नुसतं पाणी पाज. मी 'लीटरभर पाण्यातच घाला' एवढंच सांगते, पण का, ते मला पटवून देता येत नाही.

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी आठ-नऊ लीटर पाणी उतरतं. त्यातलं खाण्यापिण्यातून आलेलं जेमतेम दोन लीटर. बाकीचं लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर. शौचावाटे बाहेर जातं ते शंभर-दोनशे मिलीलीटर. उरलेलं सगळं आतडं परत शोषून घेतं. आता यातली गंमत अशी, की पाणी ओढून घेणारा पंप शरीरात कुठेच नाही. विरघळलेले कण जिकडे जास्त, तिकडे पाणी आपोआप सरकतं. यालाच पुस्तकात परासरण म्हणतात. म्हणजे आतड्याला पाणी हवं असेल, तर त्याला आधी मीठ आत घ्यावं लागतं. मीठ गेलं की मागोमाग पाणी जातं.

पण मीठ असं सहजासहजी आत जात नाही. पेशीचं पटल हा मेदाच्या रेणूंचा दुपदरी थर असतो. एका मिलीमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या सात-आठ भागांएवढी त्याची जाडी. मिठातल्या सोडियमच्या कणावर विद्युतभार असतो, आणि असा कण मेदातून पार होत नाही. त्याला प्रथिनांची बनलेली दारं लागतात. आतड्याच्या पेशींवर अशी दारं बऱ्याच प्रकारची असतात.

कॉलऱ्याचे जंतू नेमका या दारांवरच घाव घालतात. हे जंतू रक्तात शिरत नाहीत, ते आतड्यात विष सोडतात. हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. त्या विषामुळे पेशीतून क्लोराइड बाहेर टाकणारं दार उघडं पडतं, आणि मीठ आत घेणारं नेहमीचं दार बंद होतं. क्लोराइडपाठोपाठ सोडियम आणि पाणीही आतड्यात ओतलं जातं. कॉलरा जोरात असेल तर तासाला लीटरभरसुद्धा पाणी जातं. अशा वेळी नुसतं पाणी पाजलं, तर ते आत कशाच्या मागे जाणार? सासूबाईंच्या म्हणण्यात इथेच चूक होते.

या सगळ्या पडझडीत एक दार मात्र शाबूत राहतं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत त्याची कल्पना मांडली होती. हे दार सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनंच आत घेतं : दोन सोडियम, एक ग्लुकोज. एकट्याला प्रवेश नाही. कॉलऱ्याचं विष या दाराला हात लावत नाही. म्हणून पुडीत साखर असते. ती ताकद यावी म्हणून नसते, चवीसाठी तर नसतेच. मिठाला आत न्यायला सोबत म्हणून ती असते. आत आलेला सोडियम पेशी मागच्या बाजूनं रक्ताकडे ढकलते, आणि पाणी त्यामागे निघतं.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. बोनगावच्या छावणीत आणि रुग्णालयात कॉलरा पसरला, आणि शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनोबिस तिथे जमिनीवर पडलेल्या रुग्णांमध्ये गुडघे टेकून काम करत होते. त्यांनी लीटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण पिंपांत कालवलं, आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. जिथे शंभरातले तीसपर्यंत दगावत होते, तिथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. डॉक्टरांची, सुयांची, बाटल्यांची वानवा असताना आईच्या हातातल्या पेल्यानं ही माणसं वाचली. डॉ. महालनोबिस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. कुणी 'सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही' म्हणालं, की मी बोनगावची ही हकीकत सांगते.

आता प्रमाणाचं. आजच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. लीटरभर पाण्यात ही पुडी घातली की सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलीमोल (कणांची संख्या मोजायचं एकक), असं दोन्हींचं प्रमाण सारखं राहतं. सगळ्या विरघळलेल्या कणांची बेरीज २४५ होते. रक्तात ती २९०च्या आसपास असते. म्हणजे हे पाणी रक्तापेक्षा थोडं पातळ आहे, म्हणून ते आतड्यातून रक्ताकडे जातं. तीच पुडी २०० मिलीलीटरच्या पेल्यात कालवली, की बेरीज पाचपट, म्हणजे १२००च्या वर जाते. मग ओढ उलटी होते. बाळाच्या अंगातलं पाणी आतड्यात येतं, जुलाब वाढतात. शिवाय रक्तातला सोडियम चढतो, बाळ मलूल होतं, झटकेही येऊ शकतात.

घरात सांगायला एवढं पुरे : 'पुडीतलं मीठ-साखर पाण्याला अंगात ओढतं. पाणी कमी घातलंत, तर तेच मीठ-साखर बाळाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढेल.' आणि सोबत लीटरची रिकामी बाटली न्या. आईच्या समोर ती उकळून गार केलेल्या पाण्यानं भरा, पातेल्यात ओता, पुडी पूर्ण रिकामी करा, ढवळून तिलाच एक घोट प्यायला द्या. अश्रूंपेक्षा खारट लागलं, तर काहीतरी चुकलंय. अर्धी पुडी अंदाजानं घालू देऊ नका, कारण पुडीत मीठ आणि ग्लुकोज सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. २०० मिलीलीटरसाठी वेगळ्या छोट्या पुड्या मिळतात, पुडीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलीलीटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलीलीटर, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या.

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडून बघा. ती लगेच जागेवर गेली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, डोळे खोल गेले, मूल पीत नसेल, झोपेतून जागं होत नसेल किंवा शौचात रक्त असेल, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या. तिथे सलाईन लागू शकतं, आणि गरज असेल तर लागलंच पाहिजे.

पुडी नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. आतड्याच्या भिंतीवरचं विकर (एन्झाइम) ती तोडतं आणि ग्लुकोज मोकळं होतं. यात पोटॅशियम मात्र नसतं, म्हणून पुडी मिळाली की पुडीच द्या.

आणखी एक. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नाव लावून विकली जात होती. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि मीठ कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी आयांना जुन्या नावाची सवय असते. खोक्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असेल तेच घ्यायला सांगा.

प्रश्न : मी श्रीरामपूरला बारावी विज्ञानला आहे. पुस्तकात लिहिलंय की पाणी परासरणानं पेशीपटलातून जातं. पण पटल मेदाचं असेल आणि तेल-पाणी मिसळत नसेल, तर पाणी त्यातून जातंच कसं?

उत्तर : तुझी शंका अगदी रास्त आहे. शास्त्रज्ञांनाही ती बरीच वर्षं छळत होती.

आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलींना मी एक प्रयोग दाखवते. तीन परीक्षानळ्या. एकीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी, तिसरीत ३ टक्के मिठाचं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा एकेक थेंब टाकायचा, हलकेच हलवायचं, आणि नळीमागे वर्तमानपत्राचा कागद धरायचा. पहिल्या नळीतून अक्षरं वाचता येत नाहीत. त्यात लाल पेशी अख्ख्या तरंगत असतात आणि उजेड अडवतात. दुसऱ्या नळीत बघता बघता गढूळपणा जातो, पाणी लाल पण नितळ होतं, आणि मागची बारीक छपाईसुद्धा वाचता येते. पेशींमध्ये पाणी शिरलं, त्या फुगून फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन बाहेर आलं. तिसरी नळी गढूळच राहते, पण तिचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आक्रसलेल्या, कडेला काटे आलेल्या पेशी दिसतात. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच कर.

यात लक्ष द्यायचं ते वेगाकडे. मेदाच्या थरातून थोडंफार पाणी झिरपतं खरं, पण इतक्या झटक्यात नाही. लाल पेशीत पाण्यासाठी वेगळी वाट असणार, हा संशय म्हणूनच होता. ती वाट सापडली बाल्टिमोरला पीटर एग्र यांच्या प्रयोगशाळेत, आणि तीही दुसऱ्याच शोधात असताना. ते रक्तातल्या आरएच प्रथिनांवर (रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवणाऱ्या) काम करत होते. त्यात सोबत एक अनोळखी प्रथिन सारखं सापडायचं. त्यांनी ते प्रथिन बनवण्याचा संदेश (आरएनए) बेडकाच्या अंड्यांमध्ये घातला. साधी अंडी पातळ पाण्यात तशीच राहिली, हे प्रथिन असलेली भराभर फुगून फुटली. हे १९९२ मधलं काम, २००३ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रथिनाला ॲक्वापोरिन म्हणतात. एका नलिकेतून सेकंदाला तीनेक अब्ज पाण्याचे रेणू एकामागून एक जातात, आणि तरी हायड्रोजनचा आयन त्यातून निसटत नाही. निसटला असता तर पेशीचा सगळा विद्युत कारभार कोलमडला असता.

परीक्षेत घोळ होतो तो इथे : ॲक्वापोरिनमधून गेलं तरी ते परासरणच. ऊर्जा लागत नाही, पाणी कणांच्या जास्त प्रमाणाकडे जातं, नलिका फक्त वाट देते. ऊर्जा लागते ती सोडियम-पोटॅशियम पंपाला. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये ओळखलेला हा पंप एका एटीपीमागे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमागे) तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. रक्तात सोडियम लीटरमागे १४० मिलीमोलच्या घरात आणि पेशीत दहा-पंधरा, हा फरक या पंपामुळेच टिकतो. वरच्या ताईंच्या उत्तरातलं जोडीचं दार याच फरकावर चालतं. सोडियम उताराकडे जाताना ग्लुकोजला सोबत ओढून नेतो. पंप थांबला की ते दारही थोड्या वेळात निकामी होतं. हा दुवा लक्षात ठेवलास तर धडा पाठ करावा लागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे सावंतवाडीला जुलाब झाले की मीठ घालून उकड्या तांदळाची पेज देतात. शहरातली सून म्हणते, औषध द्या, पेज कसली देता? पेजेत खरंच काही असतं का?

उत्तर : असतं, आणि त्यामागचं शास्त्र मला पुडीपेक्षाही सुंदर वाटतं.

परासरणात कणांचं वजन मोजलं जात नाही, कणांची संख्या मोजली जाते. ग्लुकोजचे हजारो रेणू साखळीनं जोडले की पिठूळ पदार्थाचा, म्हणजे स्टार्चचा, एक रेणू होतो. सुटे असते तर ते हजारो कण धरले गेले असते, साखळीत ते एकच. त्यामुळे पेजेत पुष्कळ ग्लुकोज साठवलेलं असूनही ती आतड्यात पाणी ओढत नाही. स्वादुपिंडातून येणारं विकर साखळी हळूहळू तोडतं, आतड्याच्या भिंतीजवळ ग्लुकोज थोडं थोडं सुटं होतं, आणि सुटं झालं की मिठातल्या सोडियमसह लगेच आत घेतलं जातं. तांदळात थोडी प्रथिनंही असतात. त्यांची अमिनो आम्लं सोडियमला आत नेणारी आणखी काही दारं चालवतात. कॉलऱ्याच्या रुग्णांवर तांदळाच्या पिठाचं ओआरएस वापरून पाहिलं गेलं आहे, आणि त्यानं जुलाबाचं प्रमाण कमी झालेलं आढळलं आहे.

आपलं शरीरही हीच युक्ती करतं. यकृताच्या पेशीत ग्लुकोजचा जो साठा असतो, तो सुटा केला तर लीटरमागे ४०० मिलीमोल भरेल. रक्तात ग्लुकोज असतं ५ मिलीमोल. एवढं सुटं ग्लुकोज आत असतं, तर पाणी शिरून ती पेशी फुटली असती. म्हणून ते ग्लायकोजेनच्या साखळ्यांत बांधून ठेवलेलं असतं. ग्लुकोजचं स्टार्च किंवा ग्लायकोजेन, अमिनो आम्लांची प्रथिनं, न्यूक्लिओटाइडांची डीएनए आणि आरएनए, सजीवांचे हे मोठे रेणू छोटे मणी ओवूनच बनतात. मेद तेवढे असे ओवलेले नसतात. तेच पटलाच्या कामाला येतात.

तेव्हा पेज द्या. पातळ, चिमूटभर मिठाची, ताजी. सकाळची पेज रात्री नको, ती लवकर आंबते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पेज देऊ नका. त्यांच्यात पिठूळ पदार्थ पचवणारं विकर अजून पुरेसं नसतं. त्यांना आईचं दूध आणि डॉक्टरांनी सांगितलं तर ओआरएस. आणि सूनबाईंचंही बरोबर आहे. जुलाब जोरात असतील तर पेजेसोबत पुडी हवीच, कारण पोटॅशियम आणि सायट्रेट पेजेतून पुरेसं मिळत नाही.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितोय. माझे वडील ६८ वर्षांचे, मधुमेही. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. परवा लघवीच्या तपासणीत साखर 'चार प्लस' आली. रक्तातली साखर तर उतरली आहे. आम्ही घाबरून गोळी बंद करावी म्हणतोय. शिवाय, इतक्या गोळ्या आहेत तर इन्शुलिनचीच गोळी का नाही?

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नका. लघवीत साखर येणं हाच या गोळीचा परिणाम आहे.

मूत्रपिंडं दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत घेतात. परत घेणारं दार हे आतड्यातल्या त्या जोडीच्या दाराचं भावंडच. आतड्यात एसजीएलटी-१, मूत्रपिंडात मुख्यतः एसजीएलटी-२. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या दुसरं दार अडवतात आणि साखर लघवीवाटे जाऊ देतात. या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. फ्लोरिझिन नावाचा पदार्थ त्यातून १८३५ मध्ये वेगळा केला होता, पण तो दोन्ही दारं अडवायचा, म्हणून औषध म्हणून चालला नाही. आजच्या गोळ्या हृदय आणि मूत्रपिंड यांनाही जपतात, म्हणून डॉक्टर त्या देतात. लघवी गोड असल्यानं जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्वच्छता पाळायला सांगा, आणि खाज-लाली आली तर वडील संकोचतील, तुम्ही स्वतः विचारा.

इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं, आणि अख्खं राहिलं तरी एवढा मोठा रेणू पटलातून पार होत नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या ३१ अमिनो आम्लांच्या औषधाची गोळी निघाली आहे. शोषणाला मदत करणारा पदार्थ सोबत घालूनही त्यातलं रक्तात पोचतं ते एक टक्क्याच्या आतच.

पावसाळ्यात एक काळजी मात्र घ्या. वडिलांना जुलाब-उलट्या लागल्या किंवा जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना लगेच फोन करून ही गोळी तेवढे दिवस थांबवायची का ते विचारा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ही गोळी लघवीवाटे आणखी पाणी घालवते, आणि रक्तातली साखर फार चढलेली नसतानाही कीटोन (मेद जाळताना तयार होणारी आम्लं) वाढू शकतात. मळमळ, पोटदुखी, धाप लागल्यासारखा श्वास, ही लक्षणं असतील तर ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसला तरी विसंबू नका, रुग्णालयात जा. आणि 'मधुमेही आहे, ओआरएस कसं देऊ' म्हणून अडू नका. नीट कालवलेल्या एका पेल्यात २.७ ग्रॅम ग्लुकोज असतं. पाणी परत अंगात जायला तेवढं लागतंच.